व्हीएममध्ये नेट मोजायचंय? आधी काट्याचा पासंग बघा

मागच्या मे महिन्यात नांदेडहून मावसभावाचा फोन आला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टसाठी विंडोजच्या व्हीएममध्ये (व्हीएम म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिलेली, एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवायचं आणि ते परत आलं की किती वेळ लागला ते छापायचं, बस एवढंच. म्हणतो, "दादा, नेट लई उड्या मारायलंय, कधी शून्य येतंय तर कधी साडेपंधरा मिलिसेकंद, मधलं काहीच नाही." केबलवाल्याशी दोनदा भांडून झालं होतं, राउटर बंद-चालू करून झाला होता, नवी केबलसुद्धा आणून झाली होती. मी विचारलं बाबा हे पॅकेट जातंय कुठं, तर म्हणे शेजारच्या दुसऱ्या व्हीएमला. दोन्ही व्हीएम त्याच लॅपटॉपात! पॅकेटनं घराचा उंबरासुद्धा ओलांडलेला नाही आणि हा केबलवाल्याच्या नावानं बोंबलायलाय.

साडेपंधरा हा आकडा ऐकला की विंडोजवर थोडंफार काम केलेल्याला चोर कुठं लपलाय ते लगेच कळतं. विंडोजच्या टायमरचा ठोका मुळात सेकंदाला 64 वेळा पडतो, 1000 ला 64 नं भागा, 15.625 मिलिसेकंद येतात. पायथनचं टाइम-डॉट-टाइम हे विंडोजवर 3.12 व्हर्जनपर्यंत त्याच ठोक्यावरची वेळ वाचायचं, 3.13 पासून ते सुधारलं. म्हणजे पॅकेट अर्ध्या मिलिसेकंदात परत आलं तरी मधे ठोका पडला नसेल तर उत्तर शून्य, पडला असेल तर साडेपंधरा. आमचे आजोबा लातूरच्या मोंढ्यात तूर घालायला गेले की पोतं उतरवायच्या आधी रिकाम्या काट्याकडं बघायचे, पारडी सरळ आहेत का, पासंग किती आहे, आणि मगच मापाला हात लावू द्यायचे. व्हीएममध्ये नेटवर्क मोजताना अगदी तेच करायचं असतं आणि नेमकं तेच कुणी करत नाही, सगळे सरळ पोतं टाकून आकडा वाचतात.

तर ते कसं करायचं ते सांगतो. कमांडा मी इथं उच्चाराप्रमाणं लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

पहिलं हे डोक्यात पक्कं करा की कॉम्प्युटरात वेळेची दोन वेगळी कामं असतात, एक म्हणजे आत्ता किती वाजले ते बघणं आणि दुसरं म्हणजे ठरलेल्या वेळेला गजर वाजणं. बघायचं घड्याळ बारीक असलं म्हणून गजरही बारीक असतो असं नाही. विंडोजचं परफॉर्मन्स काउंटर हल्लीच्या मशीनवर सहसा 1 कोटी हर्ट्झनं चालतं, म्हणजे 100 नॅनोसेकंदाचा एक दाणा, पण त्याच विंडोजवर प्रोग्रामला 1 मिलिसेकंद झोप म्हटलं की तो आरामात 15 मिलिसेकंद घोरू शकतो. लिनक्सवर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या (ओएसच्या) गाभ्याचा, ठोका एचझेड नावाच्या सेटिंगवर असतो, 250 असेल तर दर 4 मिलिसेकंदाला, 1000 असेल तर दर मिलिसेकंदाला, पण 2007 साली आलेल्या 2.6.21 कर्नलपासून हाय-रिझोल्यूशन टायमर आले आणि गजर या ठोक्याच्या खुंट्यावरून सुटला. म्हणून आजच्या लिनक्सवर 100 मायक्रोसेकंदाची झोपसुद्धा बऱ्यापैकी खरी असते. खऱ्या मशीनवर, हां.

व्हीएमच्या आत गणित बिघडतं ते असं. आतल्या ओएसला वाटतं सीपीयू आपल्याच बापाचा आहे, पण वर हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेला असतो आणि तो सीपीयू सगळ्यांना वाटून देतो. गजर वाजायची वेळ झाली आणि नेमका त्याच क्षणी सीपीयू दुसऱ्या व्हीएमकडं किंवा तुमच्या क्रोमच्या 40 टॅबकडं असला, तर गजर थांबून राहतो आणि पाळी आली की उशिरा वाजतो. पूर्वी तर राहिलेले ठोके एकदम धडाधड यायचे, घड्याळ मागं पडायचं आणि मग धावत सुटायचं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 5 च्या काळात ठोका सेकंदाला 1000 चा होता, एका सर्व्हरवर 10 व्हीएम ठेवल्या की नुसते ठोके देण्यातच सर्व्हरचा जीव जायचा, म्हणून तिथं बूट करताना डिव्हायडर इज इक्वल टू 10 असं लिहून ठोके 100 वर आणायची सोय करावी लागली. आता ठोक्याशिवाय चालणारी कर्नलं आली, तो त्रास गेला, पण पाळीची वाट बघणं काही गेलेलं नाही आणि जाणारही नाही.

गेस्ट, म्हणजे व्हीएमच्या आतली ओएस, लिनक्स असेल तर आधी त्याला विचारा तू कुठल्या घड्याळावर चाललायस. सिस फोल्डरात डिव्हायसेस, सिस्टीम, क्लॉकसोर्स, क्लॉकसोर्स-झिरो अशी वाट काढत गेलं की करंट-क्लॉकसोर्स नावाची फाइल मिळते, कॅट करून वाचा. शेजारीच अव्हेलेबल-क्लॉकसोर्स असते, तिच्यात पर्याय दिसतात. केव्हीएमवर (हा लिनक्सचा हायपरवायझर) केव्हीएम-क्लॉक दिसलं किंवा टीएससी, म्हणजे सीपीयूतलंच काउंटर, दिसलं तर निवांत राहा, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही वर त्याचं स्वतःचं हायपरव्ही-क्लॉकसोर्स असतं तेही चांगलं. एचपेट किंवा एसीपीआय-पीएम ही सीपीयूबाहेरची घड्याळं दिसली तर मात्र कपाळाला आठ्या पाडा. एसीपीआय-पीएम 35,79,545 हर्ट्झवर चालतं, म्हणजे एक दाणा साधारण 280 नॅनोसेकंदाचा, हे काही फार वाईट नाही हो, वाईट हे आहे की व्हीएममध्ये हे घड्याळ खोटं असतं, दरवेळी वेळ बघायला गेस्टला थांबवून हायपरवायझरकडं जावं लागतं आणि परत यावं लागतं. टीएससी वाचायला काही दहा नॅनोसेकंद लागतात, तिथं या फेरीला मायक्रोसेकंद जातात, आणि नेटवर्कचा प्रोग्राम दर पॅकेटला वेळ बघतो. मोजणाराच सीपीयू खातो आणि वेगाचा आकडा कमी दिसतो.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी विंडोजसाठी एक तोडगा फिरतो की बीसीडी-एडिट वापरून यूज-प्लॅटफॉर्म-क्लॉक ट्रू करा, सगळं फास्ट होईल. याच कारणानं ते करू नका. त्यानं विंडोज टीएससी सोडून प्लॅटफॉर्मच्या हळू घड्याळावर जातं. आधीच केलं असेल तर डिलीट-व्हॅल्यू करून काढून टाका आणि रीस्टार्ट करा.

पायथनवाल्यांनी टाइम-डॉट-टाइम ऐवजी टाइम-डॉट-पर्फ-काउंटर वापरा, एका शब्दाचा बदल आहे. शंका असेल तर टाइम-डॉट-गेट-क्लॉक-इन्फो ला विचारा, ते स्वतःच सांगतं माझं रिझोल्यूशन किती, भावाच्या मशीनवर तिथं सरळ 0.015625 लिहून आलं आणि फोनवर मिनिटभर शांतता.

आता लॅपटॉपकडं या, कारण आपल्याकडं बहुतेकांची लॅब म्हणजे एक लॅपटॉप आणि त्यात व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर. खाली स्टेटस बारमध्ये हिरवं कासव दिसतंय का बघा. मस्करी नाही, खरंच कासवाचं चित्र असतं, त्याचा अर्थ होस्ट, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ, विंडोजमध्ये हायपर-व्ही चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला सीपीयूची सोय थेट न मिळता त्याच्यामार्फत घ्यावी लागतेय. डब्ल्यूएसएल-2 (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) किंवा मेमरी इंटिग्रिटी (विंडोजचं एक सुरक्षेचं सेटिंग) चालू केली की हे कासव गुपचूप येऊन बसतं. चालेल तसंच असं वाटत असेल तर चालेल, पण मग लेटन्सीचे, म्हणजे पॅकेटला लागणाऱ्या वेळेचे, आकडे त्या कासवासकटच वाचा. दुसरं, व्हीएमच्या सिस्टीम सेटिंगमध्ये पॅराव्हर्च्युअलायझेशन इंटरफेस म्हणून एक खाना आहे, लिनक्स गेस्टला केव्हीएम आणि विंडोज गेस्टला हायपर-व्ही ठेवा, डिफॉल्टवर सोडलं आणि वर गेस्टचा प्रकार बरोबर निवडलेला असला तरी तेच होतं. गेस्टला सगळे कोर देऊ नका, 4 कोरचा लॅपटॉप असेल तर 2 द्या, होस्टला श्वास घ्यायला जागा ठेवा, नाहीतर पॅकेट पोचवणारा होस्टच पाळीसाठी उभा राहतो.

आणि विंडोज 11 होस्टवरची एक गंमत सांगतो. एखाद्या प्रोग्रामनं बारीक टायमर मागितला असला तरी त्याची विंडो मिनिमाइझ झाली किंवा पूर्ण झाकली गेली की विंडोज 11 त्या बारीक टायमरची हमी देत नाही. म्हणजे टेस्ट लावून तुम्ही व्हीएम मिनिमाइझ करून क्रिकेटचा स्कोर बघत बसलात तर आकडे बदलू शकतात. विंडो समोर ठेवा किंवा व्हीएम हेडलेस, म्हणजे विंडोशिवाय, चालवा, पण प्रत्येक टेस्टला एकसारखंच काहीतरी करा.

चार्जर लावलेला हवा. आपल्याकडं लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, पॉवर प्लॅन बदलतो, सीपीयूचा वेग खाली येतो, आणि टेस्टच्या मधोमध हे झालं की ग्राफमध्ये अशी पायरी दिसते की माणूस दोन दिवस नेटवर्कला शिव्या देत बसतो. मे महिन्यात तर लाइट असली तरी उपयोग नाही, बाहेर 42 डिग्री, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप गादीवर, तो तापून स्वतःच वेग कमी करतो. मी उन्हाळ्यात मोठ्या टेस्टा पहाटे लावतो, यात विनोद काही नाही.

आता पासंग काढू. पिंग म्हणजे पॅकेट जाऊन-येऊन किती वेळ लागला ते सांगणारी कमांड, पहिली पिंग लूपबॅकला मारा, म्हणजे मशीननं स्वतःलाच, 127.0.0.1 ला, 500 पॅकेट, दर 50 मिलिसेकंदाला एक, सुडो (अ‍ॅडमिनचा हक्क) लावून पिंग डॅश सी 500 डॅश आय 0.05. हे पॅकेट कुठल्याच नेटवर्क कार्डाला शिवत नाही, त्यामुळं इथं जो काही आकडा येईल तो सगळा तुमच्या घड्याळाचा आणि कर्नलचा. लिनक्स गेस्टमध्ये सरासरी 0.1 मिलिसेकंदाच्या बरीच आत पाहिजे. पण सरासरी बघून खूश होऊ नका, मॅक्सिमम बघा, एखादं पॅकेट 8 मिलिसेकंदाला आलं असेल तर त्या क्षणी तुमचा सीपीयू कुणीतरी पळवला होता. विंडोजची पिंग इथं कामाची नाही, ती पूर्णांकात बोलते, 1 पेक्षा कमी एवढंच सांगते.

मग गजराची परीक्षा. आरटी-टेस्ट्स नावाचं पॅकेज टाका, त्यात सायक्लिकटेस्ट असतो, सुडो सायक्लिकटेस्ट डॅश एम डॅश पी 90 डॅश आय 1000 डॅश एल 10000. तो दर मिलिसेकंदाला स्वतःला उठवतो आणि किती मायक्रोसेकंद उशीर झाला ते लिहितो. हा मॅक्सचा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढं नेटवर्कच्या आकड्यात याहून बारीक फरकावर तुम्हाला काहीही बोलायचा हक्क नाही. मॅक्स 3000 मायक्रोसेकंद आलाय आणि तुम्ही दोन स्विचमधला 200 मायक्रोसेकंदाचा फरक सांगत असाल तर ते कोथिंबिरीची जुडी वे-ब्रिजवर मोजल्यासारखं आहे. व्हीएम केव्हीएमवर असेल तर व्हीएमस्टॅट 1 लावून शेवटाकडचा एसटी कॉलमपण बघा, तो स्टील म्हणजे तुमच्या पाळीत दुसऱ्यानं खाल्लेला सीपीयू. भाड्याच्या स्वस्त क्लाउड व्हीएमवर हा कॉलम फार बोलका असतो.

त्यानंतर एकेक पायरी बाहेर जा, गेस्टमधून होस्टला पिंग, मग घरच्या राउटरला, मग बाहेर. कुठल्या पायरीला उडी वाढली ते लगेच दिसतं. भावानं हे पहिल्या दिवशी केलं असतं तर नव्या केबलचे पैसे वाचले असते. बाहेरच्या आकड्यालाही एक तळ असतो तो लक्षात ठेवा, फायबरमधून उजेड सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, लातूरहून मुंबई सरळ रेषेत धरली तरी जवळपास 400 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद लागणारच, आणि फायबर काही सरळ रेषेत जात नाही. लातुरात बसून मुंबईच्या सर्व्हरचा 1 मिलिसेकंद आला तर खुश होऊ नका, मधेच कुणीतरी उत्तर देतंय किंवा घड्याळ खोटं बोलतंय.

काटा बरोबर आहे का ते बघायला दुकानदार माहितीचं वजन ठेवून बघतो, तसं वजन लिनक्समध्ये फुकट आहे, नेटएम, ते पॅकेटला सांगितला तेवढा मुद्दाम उशीर लावतं. समोरच्या मशीनवर सुडो टीसी क्यूडिस्क अ‍ॅड डेव्ह, पुढं तुमच्या इंटरफेसचं नाव, मग रूट नेटएम डिले 10एमएस. आता पिंग बरोबर 10 नं वाढायला पाहिजे. 10.1 वाढली, ठीक. कधी 10 कधी 14 असं व्हायलं तर गजर जाडा आहे, नेटएमसुद्धा शेवटी त्याच कर्नल टायमरवर पॅकेट सोडतं ना. टेस्ट झाली की अ‍ॅडच्या जागी डेल लिहून काढून टाका, मी एकदा विसरलो होतो आणि अख्खा आठवडा सगळ्यांना नेट स्लो आहे सांगत फिरलो.

आता वेग. आयपर्फ-3 हे वेग मोजायचं टूल घ्या, एका बाजूला आयपर्फ-3 डॅश एस, दुसऱ्या बाजूला डॅश सी आणि आयपी, डॅश टी 30, आणि डॅश ओ 3, हा ओ कॅपिटल बरं का, त्यानं पहिली 3 सेकंद मोजणीतून सुटतात, टीसीपी वेग पकडतोय तोवरचं धरायचं नाही. उलट्या दिशेला डॅश आर, तोही कॅपिटल. गिगाबिटच्या खऱ्या वायरीवरून टीसीपीला जास्तीत जास्त 940 च्या आसपास मेगाबिट मिळतात, बाकीचं हेडरात जातं. एकाच होस्टवरच्या दोन व्हीएममध्ये 15-20 गिगाबिट दिसले तर घाबरू नका आणि फुशारकीही मारू नका, तिथं वायर नाहीच, मेमरीतून मेमरीत कॉपी चाललीय आणि 64 केबीच्या आसपासचे मोठाले तुकडे अखंड जातायत, पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या टीसीपी-डंपमध्ये 1500 बाइटपेक्षा मोठी पॅकेटं दिसतात ती त्यामुळंच. व्हर्च्युअलबॉक्सचं इंटेलचं कार्ड आत 1000 मेगाबिट दाखवतं ती नुसती पाटी आहे. व्हर्टिओ हे व्हीएमसाठीच बनवलेलं कार्ड निवडा, सीपीयू कमी खातं. आणि नेटवर्क नॅटवर ठेवून वेग मोजू नका, गेस्टला 10.0.2.15 पत्ता मिळालाय म्हणजे तुम्ही नॅटवर आहात, तिथं प्रत्येक पॅकेट होस्टवरचा एक प्रोग्राम हातानं उचलून ठेवतो. ब्रिज्ड करा, म्हणजे व्हीएम थेट घरच्या नेटवर्कला जोडली जाते, शक्यतो वायरीच्या कार्डावर.

यूडीपी टेस्टमध्ये, म्हणजे पोचलं की नाही ते न विचारता पॅकेटं सोडायच्या पद्धतीत, मात्र टायमरचा खरा इंगा कळतो. पहिली गोष्ट, आयपर्फ-3 यूडीपीला न सांगता फक्त 1 मेगाबिटनं पाठवतो, त्यामुळं डॅश यू बरोबर डॅश बी 100एम असं द्यावंच लागतं. आता 100 मेगाबिट म्हणजे 1448 बाइटची साधारण 8,600 पॅकेटं सेकंदाला, दर 116 मायक्रोसेकंदाला एक. पण आयपर्फ काही प्रत्येक पॅकेटला गजर लावत नाही, त्याचा पेसिंग टायमर मुळात 1000 मायक्रोसेकंदाचा असतो, दर मिलिसेकंदाला उठायचं आणि 8-9 पॅकेटं एकदम सोडायची. व्हीएमनं त्याला 10 मिलिसेकंद उशिरा उठवलं की साठलेली 86 पॅकेटं एका झटक्यात सुटतात, यष्टी फाट्यावर उशिरा आल्यावर जशी गर्दी एकदम दारावर पडते तशी, आणि समोरचा बफर छोटा असेल तर तिथं काही गळतात. रिपोर्टमध्ये येतं पॅकेट लॉस 2 टक्के. नेटवर्कनं एकही पॅकेट हरवलेलं नसतं. म्हणून लॉस दिसला की तीच टेस्ट डॅश बी 20एम वर करा, मग डॅश डब्ल्यू नं सॉकेट बफर वाढवून करा, लॉस गायब झाला तर दोष पाठवणाऱ्याच्या झटक्यांचा. जमलं तर पाठवणारा तरी खऱ्या मशीनवर ठेवा, जुना डेस्कटॉप असला तरी चालतो, व्हीएम नुसती घेणाऱ्याच्या बाजूला. आयपर्फचा जिटर, म्हणजे उशिरातला चढउतार, बघायला दोन्हीकडची घड्याळं जुळवावी लागत नाहीत, तो फरकांचा फरक असतो, पण पाठवणाराच अडखळत असेल तर ते अडखळणं जिटरमध्ये दिसणारच.

एकतर्फी डिले, म्हणजे इकडून निघालं कधी आणि तिकडं पोचलं कधी, हे दोन व्हीएममध्ये मोजायच्या भानगडीत पडू नका, दोन घड्याळांतला फरक हाच मोजायच्या वस्तूपेक्षा मोठा निघतो. जाऊन-येऊनचा वेळ घ्या, तिथं घड्याळ एकच असतं. तेही मधेच सरकू शकतं, व्हीएम सस्पेंड करून उठवली की वेळ मागं पडलेली असते आणि मग क्रोनी (लिनक्सची वेळ जुळवणारी सेवा) किंवा व्हर्च्युअलबॉक्सचं गेस्ट अ‍ॅडिशन्स ती ओढायला लागतात, दोन्ही चालू असतील तर एक बंद ठेवा, एका बैलाला दोन कासरे नकोत. पिंगमध्ये कधी टाइम ऑफ डे गोज बॅक अशी वॉर्निंग आली तर ती टेस्ट सरळ फेकून द्या. स्वतःचा प्रोग्राम लिहीत असाल तर मोनोटॉनिक क्लॉक वापरा, ते मागं जात नाही.

प्रत्येक टेस्ट 5 वेळा तरी करा, मधे मिनिटभर थांबा, आणि सरासरीपेक्षा मिनिमम, मीडियन (मधला आकडा) आणि 99 वा पर्सेंटाइल (100 तले 99 ज्याच्या आत येतात तो आकडा) लिहा. मिनिमम बऱ्यापैकी खऱ्या नेटवर्कचा असतो, कारण उशीर वाढवतात सगळे, कमी कुणी करत नाही. शेपटी, म्हणजे ते शेवटचे मोठाले आकडे, बरीचशी व्हीएमची असते.

भावानं शेवटी पर्फ-काउंटर टाकलं, लॅपटॉप टेबलावर घेतला, मेमरी इंटिग्रिटी आधीपासून चालू होती ती तशीच ठेवून कासवासकट रिपोर्ट लिहिला. मीडियन 0.6 मिलिसेकंद आला, सगळ्यात वाईट 11. पहिल्या पानावर टेबलच्या वर त्यानं होस्टचं ओएस, क्लॉकसोर्स, कोर किती, कार्ड कुठलं, चार्जर लावलेला होता की नाही, आणि लूपबॅकचा मॅक्सिमम एवढं लिहिलं. तोंडी परीक्षेला सरांनी पहिला प्रश्न त्या लूपबॅकच्या आकड्यावरच विचारला म्हणे. केबलवाला अजून त्याच्याशी बोलत नाही.